'तेत'चा माग काढताना

फ्रेंचमध्ये डोक्याला 'तेत' (tête) म्हणतात. हा शब्द कुठून आला ते शोधायचं तर शब्दकोशात थेट 'डोकं' हा अर्थ शोधत फिरू नका, आधी ध्वनी पाहा. फ्रेंच 'तेत'मधल्या पहिल्या ए-वर टोपीसारखी खूण असते. ती बहुतेकदा गळालेल्या 'स'ची जागा दाखवते. तो 'स' परत घातला की लॅटिन 'तेस्ता' हाती लागतं; तसंच 'फेत' (fête, सण) वरून 'फेस्ता'. लॅटिनमध्ये तेस्ता म्हणजे भाजलेलं मडकं, खापर. बोलीत लोक डोक्याला मडकं म्हणू लागले आणि डोक्यासाठीचा मूळचा लॅटिन शब्द 'कापुत' मागे पडला. फ्रेंचमध्ये तो 'शेफ' होऊन 'प्रमुख' या अर्थाने उरला.

आता शेजारच्या भाषा. इटालियन 'तेस्ता' डोकंच, पण पोर्तुगीज 'तेस्ता' म्हणजे कपाळ आणि रोमानियन 'त्सेआस्ता' म्हणजे कवटी. स्पॅनिशमध्ये त्याच कुळातला 'तिएस्तो' अजूनही कुंडी! नवखे इथेच फसतात: दिसायला जवळचा म्हणून स्पॅनिश 'तेता' जोडतात. त्याचा अर्थ स्तन, कूळ वेगळं.

अर्थाचा हा प्रवास ओढूनताणून वाटत असेल तर आपलं 'कपाळ' बघा. संस्कृत 'कपाल' म्हणजे खापर, भिक्षापात्र आणि कवटीही. मराठीत ते भुवयांवर येऊन थांबलं, अगदी पोर्तुगीजसारखं. मात्र यावरून दोन्ही शब्द एका मुळाचे ठरवू नका. इथे वाट सारखी आहे, मूळ नाही.