हुप्पा : वर कापड, बाजूंना काहीच नाही

प्रश्न : इस्रायलमधल्या एका लग्नाचं चित्रण पाहिलं. चार काठ्यांवर ताणलेल्या कापडाखाली नवरा-नवरी उभे, चारही बाजू मोकळ्या. ही आपल्या मांडवासारखी सोय की धर्मविधी? ते कापड नसेल तर लग्न लागत नाही का?

उत्तर : विधीच, आणि चांगला वजनदार. पण तुम्ही पाहिलंत ते काठ्या-कापडाचं रूप मात्र उशिरा आलेलं आहे.

ज्यू लग्नाच्या दोन पायऱ्या. पहिली किद्दुशीन : दोन साक्षीदारांसमोर नवरा नवरीच्या बोटात अंगठी घालतो. दुसरी निस्सुईन : तो तिला आपल्या छपराखाली घेतो. हे छपराखाली घेणं म्हणजे हुप्पा. मिश्नाच्या, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाच्या, काळी या दोन्हींच्या मध्ये बारा महिन्यांपर्यंत अवधी मिळे. तेवढ्यात मुलगी आपली तयारी करायची. कायद्याने ती बायको झालेली असे, मोडायचं तर घटस्फोटच घ्यावा लागे, पण राहायची माहेरी. मध्ययुगात दोन्ही पायऱ्या एकाच दिवशी, एकापाठोपाठ व्हायला लागल्या. त्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मध्ये कतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, वाचून दाखवतात.

आता 'छपराखाली घेणं' नेमकं कशाने होतं? यावर आमच्या धर्मपंडितांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. (वादाशिवाय आमचं पान हलत नाही.) रामबाम, म्हणजे 12व्या शतकातले धर्मपंडित मायमोनिडीस, म्हणतात, दोघं एका खोलीत एकांतात गेली की हुप्पा झाला. कोणी म्हणतं, ती लग्नासाठी त्याच्या घरात शिरली की झाला. आणखी कोणाच्या मते नवरीच्या चेहऱ्यावर ओढणी घातली, की तोच हुप्पा. 16व्या शतकात पोलंडमधल्या क्राकावचे रब्बी (धर्मगुरू) मोशे इस्सर्लेस यांनी ही सगळी मतं एका टिपणात मांडली आणि नोंदवलं की हल्ली लोक खांबांवर कापड ताणतात, त्याखाली नवरा-नवरीला सर्वांसमक्ष आणतात आणि त्यालाच हुप्पा म्हणतात. त्यांचं ते 'हल्ली' मला फार आवडतं. आपल्याला जे सनातन वाटतं, ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच रूढ होत होतं.

त्याच्या आधी हुप्पा ही जागाच निराळी होती. तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलमध्ये, योएल संदेष्ट्याच्या तोंडी वाक्य आहे, की वराने आपल्या खोलीतून आणि वधूने आपल्या हुप्प्यातून बाहेर यावं. म्हणजे दार असलेलं दालन. चार काठ्यांच्या मधून 'बाहेर येणं' कसलं!

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : ताणलेलं कापड नसलं म्हणून लग्न अडत नाही. अनेक सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, लग्नांत काठ्या नसतात, नवरा-नवरीच्या डोक्यावर तल्लित, म्हणजे प्रार्थनेची शाल, धरतात. उलट अश्केनाझी, म्हणजे मूळ मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू, मंडळींत काठ्यांचा हुप्पा उरकला की नवरा-नवरी एका बंद खोलीत काही मिनिटं बसतात, दाराबाहेर दोन साक्षीदार उभे. म्हणजे रामबामच्या मतालाही जागा ठेवली. दिवसभराचा उपास असतो, तो बहुधा त्या खोलीत सुटतो.

मी बेने इस्रायल, म्हणजे मूळ कोकणातला ज्यू. माझ्या पुतणीचं लग्न अश्दोदला झालं तेव्हा सजावट करणाऱ्याने फुलांच्या भिंतींचा हुप्पा दाखवला होता, तीन बाजू बंद. माझा भाऊ नाही म्हणाला. त्याने आपलं जुनं तल्लित काढलं, कोपऱ्यांना काठ्या बांधल्या आणि आम्हा चौघांच्या हातात दिल्या. समुद्रावरून असा वारा सुटला होता की माझा कोपरा सारखा फडफडून नवरदेवाच्या कानाला लागत होता. छायाचित्रं काही फार चांगली आली नाहीत. तरी भावाचं बरोबर होतं असं मी आजही म्हणेन. मोकळ्या बाजूंचा संबंध परंपरा अब्राहामच्या तंबूशी जोडते. वाटसरू कुठूनही आला तरी त्याला दार शोधावं लागू नये, म्हणून तो तंबू चारही बाजूंनी उघडा होता म्हणतात. तो अर्थ ठेवायचा तर गुलाबाच्या भिंती कशाला?

प्रश्न : हे लग्न उघड्यावरच लावावं लागतं का? आणि काठ्या विशिष्ट लाकडाच्या असतात का?

उत्तर : उघड्यावर लावणं ही मुख्यतः अश्केनाझी रीत. वंश आकाशातल्या ताऱ्यांइतका वाढो, असं देवाने अब्राहामला दिलेलं वचन आहे, त्याचा हा शकुन. आम्ही बेने इस्रायल सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, लग्न लावतो, आमचंही काही अडलेलं नाही. दक्षिण जर्मनीत काही जुन्या सिनेगॉगच्या बाहेरच्या भिंतीत तारा कोरलेला दगड बसवलेला दिसतो. लग्न अंगणात व्हायचं आणि नवरदेव काचेचा पेला त्या दगडावर फेकून फोडायचा.

लाकडाचं बंधन नाही. पण तुम्ही विचारलंतच म्हणून तालमूद या धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातली एक गोष्ट सांगतो. जेरुसलेमजवळच्या बेतार गावात मुलगा झाला की देवदार लावायचे आणि मुलगी झाली की सुरूच्या जातीचं झाड. दोघांचं लग्न ठरलं की ती झाडं तोडून त्यांच्या लाकडाचा लग्नमंडप करायचे. एकदा सम्राटाची मुलगी तिथून जात होती, तिच्या रथाचा दांडा मोडला. नोकरांनी जवळचा एक देवदार तोडून तिला आणून दिला. गावकरी त्यांच्या अंगावर धावून गेले, मारहाण झाली. यहुदी बंड करून उठले, असं सम्राटाच्या कानावर घातलं गेलं आणि त्याने सैन्य पाठवलं. रोमन सैन्याने बेतार खरोखरच घेतलं, इसवी सन 135मध्ये. युद्धाचं खरं कारण एक झाड होतं असं कोणी इतिहासकार म्हणणार नाही. मी गावकऱ्यांच्या बाजूने आहे. कोणाच्या तरी मुलाच्या लग्नाचं झाड होतं ते, वाढायला किती वर्षं लागली असतील!

प्रश्न : एका ज्यू स्नेह्यांच्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण आहे. मला हुप्प्याची एक काठी धरायला सांगितलं आहे. मी ज्यू नाही, चालेल ना? काय सांभाळावं?

उत्तर : खुशाल धरा. काठी धरणाऱ्याला कायद्यात काही स्थान नाही. साक्षीदार वेगळे, ते ज्यू असावे लागतात आणि वधूवरांच्या नात्यातले चालत नाहीत. तुम्हाला बोलावलंय ते प्रेमापोटी. पुरुष असाल तर डोकं झाका, टोपी नसेल तर तिथे मिळेल.

वेळेचा अंदाज घेऊन उभे राहा. नवरी सर्वांत शेवटी येते. अश्केनाझी घर असेल तर ती नवऱ्याभोवती सात फेरे घेईल, तेव्हा पाय मागे घ्या. मग द्राक्षारसाचा आशीर्वाद, अंगठी, आणि कतुबा. ती अरामी भाषेत असते, पूर्ण वाचायची ठरवली तर बराच वेळ जातो, आणि त्यानंतर सात आशीर्वाद असतातच. म्हणून काठीचं टोक जमिनीला टेकवून ठेवा, उचलून धरायला जाऊ नका. शेवटी नवरदेव काचेचा पेला फोडतो, तो फुटला की सगळे एकदम पुढे येतात. तेव्हाही लगेच काठी सोडू नका. आधी इतर तिघांकडे बघा, नाहीतर कापड नवरीच्या डोक्यावर येईल.