बहिणीचं बाळ ३८ दिवसांचं आहे, कावीळ उतरत नाही, शी पांढरट होते. घरचे म्हणतात कोवळं ऊन दाखवा. बरं होईल का?

नाही होणार. शी पांढरट आहे असं तुम्हीच लिहिलंय ना, मग ऊन कसलं दाखवताय? उद्या सकाळी बहिणीला आणि बाळाला घेऊन लॅबमध्ये जा, बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) नुसतं टोटल नको, पित्त तुंबलं की वाढतं ते डायरेक्ट वेगळं काढून द्या म्हणावं. डायरेक्ट १ च्या वर आलं तर मुलांच्या लिव्हरचा डॉक्टर नाहीतर मुलांचा सर्जन गाठा, याच आठवड्यात.

तडकून लिहितेय कारण आमच्याकडे हेच झालं. माझ्या लेकीची शी विसाव्या दिवसापासून भिंतीला लावायच्या पुट्टीसारखी होती, आणि शू इतकी पिवळी की लंगोटावरचे डाग धुवून वाळवूनही जायचे नाहीत. तान्ह्या बाळाच्या शूला खरं तर रंग नसतो. पण पोरगी गुटगुटीत, दूध ओढून प्यायची, त्यामुळे कुणाला काही वाटेना. सासूबाई म्हणाल्या, दूधच पितंय बाळ, मग शी पांढरीच होणार. (अहो, अंगावरच्या दुधाची शी मोहरीसारखी पिवळी असते!) थोरल्या जाऊबाईंनी तर कारणच शोधून काढलं, मी म्हणे ग्रहणात कोथिंबीर निवडत बसले होते. मी लंगोट पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेला, त्यांनी पिशवी उघडूनसुद्धा बघितली नाही, टोटल ९ आहे, उतरेल, ऊन दाखवा. मग कुणीतरी काविळीवर नाकात पिळायचा पाला घेऊन आलं, तो मी फेकून दिला तर घरात दोन दिवस अबोला.

पकडलं कुणी, तर लस देणाऱ्या नर्सबाईंनी. दीड महिन्याची लस दिली आणि मांडीतून रक्त थांबेचना, वीस मिनिटं कापूस दाबून बसलो. त्यांनी डोळे बघितले, शीचा रंग विचारला आणि म्हणाल्या, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. पित्त आतड्यात उतरलं नाही की व्हिटॅमिन के अंगी लागत नाही आणि रक्त गोठत नाही, हे मला नंतर कळलं.

रात्रीच्या गाडीने मुंबई. डायरेक्ट ६.४. आधी के ची इंजेक्शनं, मग उपाशीपोटी सोनोग्राफी, पित्ताशय सुकलेल्या मनुक्याएवढं, मग लिव्हरचा तुकडा तपासला. हिडा स्कॅन (पित्त आतड्यात उतरतंय का ते दाखवणारा) करायचा तर आधी पाच दिवस औषध द्यावं लागतं म्हणाले, तेवढे दिवस घालवायचे नाहीत असं सर्जननीच ठरवलं. टेबलवर पोट उघडून पित्ताशयात डाय सोडला, तो लिव्हरकडेही गेला नाही आणि आतड्याकडेही नाही, म्हणजे बायलरी अॅट्रेसिया (पित्तनलिका बंद असण्याचा आजार) पक्का, आणि त्याच भुलीत कसाई ऑपरेशन. बंद पडलेल्या पित्तनलिका काढून लिव्हरच्या तोंडाशी आतड्याचा वेढा जोडतात. नाव ऐकून माझी आई तिथेच मटकन बसली, तिला वाटलं कसाई म्हणजे आपला तो कसाई. मोरिओ कसाई नावाचे जपानी सर्जन होते, १९५० च्या दशकात त्यांनी ही पद्धत काढली. लेक त्या दिवशी ६३ दिवसांची होती. शक्यतो ६० च्या आत व्हावं म्हणतात, पुढे पित्त वाहण्याची शक्यता कमी होत जाते. विसाव्या दिवशी ती पिशवी कुणी उघडली असती तर, हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड असतं, आई रंग जुळवून बघते. मला मिळालेल्या कार्डात लसींच्या तारखा होत्या.

हां, एक राहिलं, मी डॉक्टर नाही. दोन आठवड्यांच्या पुढे कावीळ रेंगाळणाऱ्या बऱ्याच बाळांना काही झालेलं नसतं, आईच्या दुधाची कावीळ असते, पण त्यात शी पिवळी असते आणि डायरेक्ट कमी. पांढऱ्या शीलाही दुसरी कारणं असतात, पित्तनलिकेची गाठ वगैरे, म्हणून तपासण्या. आणि कसाई केलं म्हणजे सुटलो असंही नाही. आमची कावीळ चौथ्या महिन्यात गेली, पण पहिल्या वर्षात दोनदा ताप येऊन पित्तनलिकेत इन्फेक्शन, दोन्ही वेळा अॅडमिट. आता पहिलीत आहे, पाणथरी (प्लीहा) वाढलीय म्हणून कबड्डी बंद, पुढे कधीतरी ट्रान्सप्लांट लागू शकतं. कित्येक मुलांना लागतं, आई किंवा बापाच्या लिव्हरचा तुकडा चालतो. आमच्याकडे कोण देणार ते ठरलंय, त्यावर घरात वाद नाही.

वाद आहे तो जाऊबाईंशी. ऑपरेशननंतर चार लोकांत म्हणाल्या, आई असून हिला कळलं कसं नाही. मागच्या श्रावणात त्यांच्या लेकीला मुलगा झाला, तेव्हा बाराव्या दिवशी मी स्वतः दुपटं उलगडून बघितलं. पिवळी होती. जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.