छत्री आधी की वीज आधी?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

सहावीच्या मुलांसाठी तू लिहिलेला 'वीज कशी पडते' हा धडा मिळाला. आंब्याखाली थांबलेल्या गुराख्याच्या छत्रीची काडी वितळल्याचा पहिला परिच्छेद इतका सुरेख उतरला आहे, की त्यावर काट मारायला सांगताना माझाच हात अडखळतो, तरीही सांगतो. शेजारच्या सहावीतल्या मुलीला मी धडा वाचायला दिला आणि नंतर वीज का पडते ते विचारले. छत्री, आंबा, गुराखी, सारे तिने हुबेहूब सांगितले. पण ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळे होतात, ढगाच्या तळाशी ऋणभार साचतो, यातले काहीच तिच्या उत्तरात नव्हते. शेवटी ती म्हणाली, "लोखंड असलं की वीज पडते." असे तू कुठेही लिहिलेले नाही. ते तिने छत्रीवरून जुळवले.

योगायोग असा, की शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर या अमेरिकन संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोगही विजेवरच्या उताऱ्यावरच बेतलेले होते. रंजक पण अवांतर तपशील घातले, की मुख्य मुद्दे कमी आठवत. महत्त्वाची वाक्ये ठळक छापूनही किंवा उद्दिष्ट आधी सांगूनही ते नुकसान भरून निघाले नाही. तपशील आरंभी आले तेव्हा हानी अधिक झाली, शेवटी आले तेव्हा कमी. म्हणजे लक्ष उडते एवढीच ही गोष्ट नव्हे. वाचक पहिल्या चित्राभोवती पुढचे सगळे रचू लागतो, आणि ते चित्रच चुकीचे असेल तर नेटाने वाचूनही अर्थ भलताच लागतो. (तुझ्या धड्यातली सजावटीची चित्रे मला याच कारणाने खटकली.)

आपल्या नारदीय कीर्तनकारांना हा क्रम ठाऊक आहे: पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, आख्यान उत्तररंगात, आणि तेही त्या निरूपणाला साजेल असेच निवडलेले. तूही प्रत्येक तपशील झाकून पुढचे वाक्य वाचून पाहा. कार्यकारणाची साखळी कुठेच तुटत नसेल, तर तो तिथे नको.

दुसरा खर्डा पाठवशील तेव्हा छत्री अखेरच्या परिच्छेदात असली तरी माझी हरकत नाही. फक्त काडी का वितळली, हे तिथेच लिही.

तुझा हितचिंतक