ठाणे ते महापे रोज सायकलने जायचं आहे, रस्ता कुठे काँक्रीट, कुठे पेव्हर ब्लॉक, कुठे खोदलेला. वेगही हवा आणि पाठही दुखायला नको. रोड बाईक (बारीक टायरची, वेगाची सायकल) घेऊ की एमटीबी (जाड टायरची, डोंगरवाटांची सायकल)?

दोन्ही नको. पाचपाखाडी ते घणसोली असा तुमचाच रस्ता मी सहा वर्षं सायकलने करतोय, म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग कारणं. साधा चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग, धक्के झेलणारं स्प्रिंगचं सस्पेन्शन नसलेला), डिस्क ब्रेक, 700सीची चाकं (रोड बाईकला असतात त्या मोठ्या मापाची), आणि 38 ते 40 मिमीचे गुळगुळीत टायर मडगार्डसकट मावतील अशी हायब्रिड, म्हणजे या दोन्हींच्या मधली सायकल घ्या. 'मडगार्डसकट' हे दुकानात मुद्दाम विचारा. कित्येक हायब्रिडवर 32 किंवा 35चे टायर असतात आणि फ्रेममध्ये त्याहून जास्त जागाच नसते. हे पावसाळा सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

माझी पहिली सायकल एमटीबी होती. खडबडीत गुट्ट्यांचे टायर, पुढे सस्पेन्शन. कळवा पुलाच्या चढावर उभं राहून पॅडल मारलं की पुढचं चाक खालीवर डोलायचं, निम्मी ताकद स्प्रिंग दाबण्यात जायची. स्वस्त सायकलींवरच्या या सस्पेन्शनचं वजन दोन-अडीच किलो भरतं. खाडीकाठची दमट, खारट हवा आणि दोन पावसाळे, एवढ्यात माझं आतून गंजून जाम झालं. मग चिडून रोड बाईक घेतली, 25 मिमीचे टायर, 100 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. ठाणे-बेलापूर रोडच्या काँक्रीटवर ती खरोखर पळायची. पण पेव्हर ब्लॉक आले की हाताला मुंग्या यायच्या, आणि एका सकाळी काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकच्या मधल्या लांबट फटीत पुढचं चाक अडकून मी आडवा झालो. कोपराला चार टाके पडले. ती फट जेमतेम दोन बोटं रुंद होती. 38चा टायर तिच्यावरून नुसता निघून जातो.

आता वेगाचं. तुमचं अंतर साधारण 13 किलोमीटर धरू. ताशी 20 ची सरासरी पडली तर 39 मिनिटं लागतात, 22 पडली तर साडेपस्तीस. म्हणजे फरक साडेतीन मिनिटांचा, तेवढा वेळ दोन सिग्नलवर जातो. या रस्त्यावर सरासरी घसरते ती खराब तुकड्यांवर. तिथे ब्रेक मारायचा, सांभाळून काढायचं, पुन्हा शून्यातून वेग पकडायचा. जी सायकल त्या तुकड्यांवरून वेग न सोडता जाते तीच ऑफिसला आधी पोचते. म्हणून या रस्त्यावर मी आराम आणि वेग वेगळे मोजत नाही.

टायर जितका कडक तितकी सायकल हलकी चालते, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे. गुळगुळीत रस्त्यावर त्यात तथ्य आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर उसळतो, सायकल उसळते, तिच्यावरचे तुम्हीही उसळता. ते हादरे मांड्या, पाठ आणि हात जिरवतात, आणि जे जिरलं ते तुमच्याच पायांनी दिलेल्या ताकदीतून वजा होतं. रुंद टायरमध्ये थोडी कमी हवा असली की खडा टायरमध्येच दबतो, सायकल सरळ पुढे जाते. टायरवर बाजूला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज तेवढी हवा भरायची नसते. माझं वजन 72 किलो, टायर 38चे. मी मागे 50 आणि पुढे 45 पीएसआय ठेवतो. तुमचं वजन जास्त असेल तर पाच-पाचने वाढवून बघा. आठवड्यातून एकदा मीटर असलेल्या पंपाने हवा भरा. अंगठ्याने दाबून 40 आणि 70 मधला फरक कळत नाही.

नवीन सायकलवर पहिला खर्च टायरवर करा. सायकलबरोबर आलेले टायर बहुधा जड आणि निब्बर असतात. मी श्वाल्बे मॅरेथॉन घातले, त्यात पंक्चर टाळण्यासाठी 3 मिमी जाड रबराचा थर असतो. एमआयडीसीचा पट्टा असल्यामुळे कडेला तारा, पत्र्याचे तुकडे, काचा पडलेल्या असतात, तिथे हा थर फार कामाला येतो. तरीही पंक्चर होणारच. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे 26 इंचाची ट्यूब मिळेल, 700सीची बहुतेक मिळणार नाही, म्हणून एक स्वतःजवळ ठेवा.

गिअरची फार चिंता करू नका. पुढे 40 दात आणि मागे 11 असले, मिनिटाला 90 वेळा पॅडल फिरवलं, तर वेग ताशी 42-43 किलोमीटर होतो. ऑफिसला जाताना याहून जास्त लागत नाही.

बसण्याकडे लक्ष द्या, पाठ तिथेच बिघडते. हॅण्डल सीटच्या उंचीला किंवा बोटभर वर हवं. सायकल दोन पायांत धरून उभं राहिलं की मधला दांडा आणि जांघ यांच्यात दोन-तीन सेंमी जागा राहिली पाहिजे. जाड, मऊ सीट दुकानात गुबगुबीत वाटते आणि अर्ध्या तासानंतर टोचते, बसायची हाडं नीट टेकतील अशी थोडी टणक घ्या. हॅण्डल फार रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी कापून घेता येतं. मी माझं 60 सेंमी केलं, बस आणि रिक्षाच्या मधून जाताना जीव मुठीत धरावा लागत नाही. बॅग पाठीवर नको, कॅरियरला लावा. त्यासाठी फ्रेमला कॅरियर आणि मडगार्डची भोकं आहेत ना, हे पैसे देण्याआधी बघा.

डिस्क ब्रेकचा आग्रह पावसाळ्यासाठी आहे. रिमवर दाबणारे ब्रेक पावसात उशिरा लागतात आणि चिखलातली रेती त्या रबरात बसून रिमच खरवडते. जूननंतर पुढच्या मडगार्डशिवाय बाहेर पडू नका, चाकाने उडवलेला चिखल थेट बुटांवर आणि चेनवर येतो. ओल्या दिवशी घरी आलं की चेन फडक्याने कोरडी करून तेलाचे दोन-चार थेंब द्या.

बजेट कमी असेल आणि घरी जुनी 26 इंची एमटीबी पडून असेल, तर आधी तिला 1.75 इंची गुळगुळीत टायर घाला, चाकांची आऊट काढून (वाकडी फिरत असतील तर सरळ करून) घ्या आणि महिनाभर जाऊन बघा. नवीन सायकल त्यानंतर ठरवली तरी चालेल.

नवीन घेताना दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर दोन फेऱ्या मारून भागवू नका. हवा कमी करायला सांगा आणि जवळचा पेव्हर ब्लॉकचा तुकडा शोधून त्यावरून नेहमीच्या वेगाने काढा. आणि वाटेत विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचलं असेल तर त्यात सायकल घालू नका. खालचा खड्डा दिसत नाही, शिवाय हब (चाकाचा मधला भाग) आणि पॅडलच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं की पुढच्या आठवड्यात ती किरकिरायला लागते.