कोडिंगचा गंध नाही, मग जॉब कसा लागणार?

इंजिनिअरिंगच्या ऍडमिशनचे, म्हणजे सीईटीचे कॅप राऊंड संपून कॉलेजं सुरू झाली की महिन्याभरात माझ्याकडे एकाच टाइपची पोरं यायला लागतात. कॉम्प्युटरला नंबर लागला म्हणून घरच्यांनी पेढे वाटलेले असतात आणि इकडे पोराची झोप उडालेली, कारण बाजूच्याला पायथन येतं आणि ह्याने बारावीपर्यंत कॉम्प्युटरला हात लावलाय तो सायबर कॅफेत फॉर्म भरायला. मग, "आत्ताच मागे आहे तर चार वर्षांनी मला कोण घेणार?"

त्यातल्याच एकाची गोष्ट. अथर्व म्हणूया, नाव बदललंय, गाव पण. इंदापूरकडचा, घरी शेती, फीसाठी एज्युकेशन लोन. रूमवरचा पार्टनर सीबीएसईला कॉम्प्युटर सायन्स घेतलेला, त्यामुळे रात्री तो फटाफट कोड मारतोय आणि हा पांघरुणात लिंक्डइनवर ले-ऑफच्या, म्हणजे नोकरकपातीच्या पोस्ट वाचतोय असं चाललेलं. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, माझी ब्रँचच चुकली."

मी जॉबचं काही बोललेच नाही. म्हटलं, मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकल काय होतं तुला? बराच वेळ गप्प. मग हळूच बाहेर आलं की एकही प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिलेला नाही, पार्टनरचा नाहीतर चॅटजीपीटीचा कोड जर्नलमध्ये उतरवायचा, सही घ्यायची, लॅबमध्ये कोपऱ्यातलं मशीन पकडायचं म्हणजे कोणी विचारत नाही. "सरांना विचारलं तर त्यांना कळेल ना मला काहीच येत नाही."

खरी काळजी मला इथे वाटली. येत नाही ह्यात काही बिघडत नाही हो, सीईटी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सवर होते, कॉम्प्युटरचा एक प्रश्न नसतो, म्हणजे ऍडमिशन देणाऱ्यांनीच ते गृहीत धरलेलं नाही. एफईचं, म्हणजे फर्स्ट इयरचं प्रोग्रामिंग सिव्हिल-मेकॅनिकलच्या पोरांना पण असतं आणि व्हेरिएबल म्हणजे काय इथूनच सुरू होतं. हार्वर्डचा सीएस५० कोर्स तर स्वतःच सांगतो की त्यांच्याकडे येणाऱ्या साधारण दोन-तृतीयांश मुलांनी आधी कॉम्प्युटर सायन्स शिकलेलं नसतं. पण येत नाही हे लपवलं की पुढे एसईला, म्हणजे सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्स येतं, म्हणजे माहिती रचून ठेवायच्या पद्धती, लिंक्ड लिस्ट, स्टॅक, ट्री, आणि ते सगळं लूप आणि फंक्शनवर उभं. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला पण फिरून फिरून तेच विचारतात. कधीपासून कोडिंग करतोस हे फारसं कोणी विचारत नाही, हा कोड तू का असा लिहिलास ते विचारतात.

मधे वडिलांचा फोन. "मॅडम, ते एआय आलंय म्हणतात, पोराला काय ऱ्हाईल का?" मी म्हटलं दादा, चार वर्षांनंतरचं मला नाही सांगता यायचं, आणि जो छातीठोक सांगतो त्याचं ऐकूही नका. २०१८ ला ऍडमिशन घेतलेली बॅच २०२२ ला बाहेर पडली तेव्हा आयटीत जोरात भरती चालू होती, आणि ती तेजी बघून जे घुसले ते बाहेर पडेपर्यंत पुण्याच्या आयटीत, हिंजवडीत भरती थंडावली होती, अगदी २०२३ लाच ऑफर लेटर हातात असून जॉइनिंग लांबलेली पोरं मी बघितलीत. बाजार आजचा बघून पीक लावलं तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं. हसले ते, पटलं असावं.

अथर्वशी एवढंच ठरलं की प्रॅक्टिकल आधी कागदावर. पाच-सात ओळींचाच प्रोग्रॅम, पण पेनने ड्राय रन करायचा, म्हणजे एकेक ओळ स्वतःच चालवत जायची, आउटपुट काय येईल ते लिहायचं आणि मग लॅबमध्ये चालवून बघायचं (लॅपटॉप नव्हता त्याच्याकडे, अडलं पण नाही). चॅटजीपीटी त्यानंतर, आणि तेही समजावून घ्यायला. इंग्रजीत अडायचा म्हणून आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल दाखवले, मराठीतून पण आहेत, फुकट आहेत, का कुणास ठाऊक पोरांना माहीतच नसतात. आणि सरांना जाऊन एकच प्रश्न विचारायचा, "मला काही येत नाही" असा नाही, नेमका. त्याने विचारला, सर, पायथनच्या रेंजमध्ये ५ लिहिलं तर ५ छापून का येत नाही, ४ लाच का थांबतं? सर सांगायला लागले तर मागचे अजून तिघं पुढे सरकून ऐकायला लागले, म्हणजे बघा.

सगळ्यांचं असंच असतं असं नाही हां. एका मुलीशी बोलताना कळलं की तिला कॉम्प्युटर मुळात नकोच होतं, घरच्यांनी भरलेलं. तिथे ड्राय रन वगैरे सांगून काय उपयोग, तिथे आईवडिलांना बोलवावं लागतं.

अथर्वचं पहिलं सेम झालं, प्रोग्रामिंग निघालं आणि गणितात, एम-वनला, बॅक लागला. कोडिंगच्या टेन्शनमध्ये त्याकडे बघितलंच नव्हतं. आता बऱ्याच कंपन्या कॅम्पसला येताना साठ टक्के आणि लाइव्ह बॅकलॉग (म्हणजे अजून न सुटलेला विषय) नको अशी अट घालतात, त्यामुळे जॉबसाठी एफईला काय करू असं विचारलंत तर माझं उत्तर आधी एम-वन काढ हेच आहे. सध्या तो तेच करतोय, आणि गणितात पार्टनरपेक्षा बरा निघालाय, त्याचाही एम-वन राहिलाय.