स्विफ्टचं ऑइल घरीच बदलायचंय. पुढची चाकं वर चढवायला तयार रॅम्प घ्यावेत की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करून घ्यावेत?

दोन्ही चालतील, पण तयार घेताना छापलेली क्षमता एका रॅम्पची की जोडीची ते आधी विचारा. गोंधळ तिथेच होतो. स्विफ्टचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं, त्यामुळे एका रॅम्पला 1 टनाखाली जाऊ नका.

करून घेणार असाल तर 50×50×6 मिमी लोखंडी अँगल, आडवे टेके आणि पूर्ण वेल्ड सांगा, नुसते टाके नकोत. उंची 15 सेमी, उतार किमान 60 सेमी, नाहीतर बंपर घासतो. रुंदी टायरपेक्षा 5 सेमी जास्त, वरती सपाट जागा आणि पुढे 5 सेमीचा अडथळा.

खरा धोका रॅम्प सरकण्याचा. पुढची चाकं ओढतात, त्यामुळे गुळगुळीत शहाबादीवर रॅम्पच मागे फेकला जातो. खाली रबरी मॅट घाला. पावसाळ्यात लाल मातीच्या अंगणात मॅटही उपयोगी नाही, एक बाजू रुतते, काँक्रीटवरच करा. चिरे किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते न सांगता फुटतात.

पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवा, बाहेर एक माणूस उभा ठेवा, पण गाडीच्या समोर नको. वर गेल्यावर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारा. खाली शिरण्याआधी गाडी हाताने हलवून बघा.

नवीन ऑइलची पातळी मात्र खाली सपाटीवर उतरवूनच तपासा. चाक काढायचं असेल तर रॅम्प कामाचा नाही, जॅक आणि स्टँड लागतील.