सीबीसी या रक्त तपासणीच्या रिपोर्टमधल्या न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट वगैरे पेशी नेमकं काय करतात?

या सगळ्या पांढऱ्या पेशीच, पण कामं वेगवेगळी. प्रौढांमध्ये न्यूट्रोफिल सर्वांत जास्त, साधारण ४० ते ७० टक्के. पायात काटा मोडला की त्या काही तासांतच तिथे जमतात, जंतू गिळतात आणि मरतात. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी याच मेलेल्या पेशी. मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून मॅक्रोफेज बनतात आणि जंतूंसोबत हा कचराही खाऊन टाकतात. इओसिनोफिल पोटात जंत झाले किंवा अ‍ॅलर्जी असली की वाढतात.

खरी गंमत लिम्फोसाइटची. त्यातल्या बी पेशींपासून अँटिबॉडी, म्हणजे जंतूंना चिकटून त्यांना रोखणारी प्रथिनं, तयार होतात. पण विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की अँटिबॉडीचा फारसा उपयोग होत नाही. तिथे लिम्फोसाइटमधल्याच मारक टी पेशी लागतात. त्या संसर्ग झालेली आपलीच पेशी ओळखून नष्ट करतात. मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या मदतनीस टी पेशी, म्हणजे सीडी४. बाकीच्यांना कामाला लावतात त्या याच. एचआयव्ही नेमका यांनाच मारतो, म्हणून एरवी दबून राहिलेला टीबीही डोकं वर काढतो. काही बी आणि टी पेशी आठवण ठेवून वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे गोवर सहसा दुसऱ्यांदा होत नाही.

जिवाणूंच्या संसर्गात बहुधा न्यूट्रोफिल वाढतात, विषाणूंच्या बऱ्याच आजारांत लिम्फोसाइट. लहान मुलांत मात्र लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात, त्यामुळे मुलाचा रिपोर्ट मोठ्यांच्या आकड्यांशी ताडून घाबरू नका.